पदरमोड करून पृथ्वीप्रदक्षिणा

२३ एप्रिल १८४८. मुंबई बंदरातून ‘सर चार्ल्स फोर्ब्स’ नावाची एक छोटी आगबोट बसऱ्याला निघाली. डेकवर पाय ठेवायला जागा नव्हती. इराणी, अरब, हिंदी मुसलमान, त्यांची बोचकी, स्वयंपाकाची भांडी, अंथरुणं अशी नुसती दाटी. कप्तानाचं जेवणाचं टेबल डेकच्या मागच्या अंगाला पक्कं बसवलेलं होतं. त्या टेबलाखाली एका युरोपीय बाईने आपला झगा पसरला आणि तेवढीच जागा प्रवासभर आपली मानली. पन्नाशीची, ठेंगणी, किंचित वाकलेली, साध्या कपड्यांतली बाई. बरोबर ना नवरा, ना नोकर. दोन-तीन दिवसांत बोटीवर देवीचे रोगी असल्याचं उघड झालं, काही जण दगावले. टेबलाखालची बाई मात्र ठणठणीत राहिली, मस्कत पाहिलं आणि बसऱ्याला उतरून बगदादच्या वाटेला लागली.

तिचं नाव इडा फायफर. ती व्हिएन्नाची. घरून निघून तिला तेव्हा दोन वर्षं होत आली होती. ब्राझील, चिली, ताहिती, चीन, सिंहलद्वीप, बंगाल, दिल्ली, इंदूर आणि अजिंठा-वेरूळ पाहून ती मुंबईला पोचली होती. पृथ्वीप्रदक्षिणेचा शेवटचा टप्पा तेवढा उरला होता.

इडाच्या आधी जान बारे या फ्रेंच बाईने जगाला फेरी घातली होती, पण पुरुषाच्या वेषात, बूगँव्हिलच्या सरकारी मोहिमेत वनस्पतिशास्त्रज्ञाची मदतनीस म्हणून. इडा बाई म्हणूनच निघाली आणि एकटी निघाली. पृथ्वीप्रदक्षिणा तिने एकदा नव्हे, दोनदा केली. १८४२ ते १८५८ या सोळा वर्षांत तिने समुद्रावरून सुमारे २ लाख ४० हजार आणि जमिनीवरून सुमारे ३२ हजार किलोमीटर प्रवास केला, असा अंदाज तिच्याविषयी लिहिणारे देतात. तिच्या धाडसाच्या कथा रंगवून सांगता येतात, आणि त्या खऱ्याही आहेत. पण त्या काळच्या जवळजवळ सगळ्या नावाजलेल्या प्रवाशांपेक्षा ती वेगळी ठरते ती पैशाच्या बाबतीत. तिच्या मागे ना राजा होता, ना संस्था, ना वाडवडिलांची इस्टेट. बेताच्या उत्पन्नात घर चालवणाऱ्या बाईचं काटकसरीचं कसब हेच तिचं भांडवल होतं.

इडाचा जन्म १४ ऑक्टोबर १७९७ चा. वडील आलॉइस रायर हे कापडाचे सधन कारखानदार. घरात भाऊ पुष्कळ, आणि या मुलीलाही वडिलांनी मुलग्यांसारखंच वाढवलं. कपडे मुलग्यांचे, खेळ मुलग्यांचे, शिस्तही तीच. जेवण साधं, लाड नाहीत, हट्ट पुरवायचा नाही. ती नऊ वर्षांची असताना वडील वारले आणि आईने पहिलं काम केलं ते मुलीला झगा घालायचं. इडा इतकी आजारी पडली की डॉक्टरांनीच तिचे जुने कपडे परत द्यायला सांगितले. १८०९ मध्ये नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नात शिरल्या. शहर जिंकणारा सम्राट पथकाची पाहणी करत समोरून गेला तेव्हा या अकरा वर्षांच्या मुलीने त्याच्याकडे पाठ फिरवली. तेराव्या वर्षी झगा कायमचा अंगावर आला. पियानो शिकायची सक्ती झाली तेव्हा तिने लाखेने बोटं भाजून घेतली, म्हणजे धडा चुकेल.

ट्रिमेल नावाचा एक तरुण शिक्षक घरी शिकवायला आला तेव्हा ती वळणावर आली. त्याला प्रवासाची आणि भूगोलाची आवड होती. त्याच्यासाठी ती शिवणटिपण आणि स्वयंपाक शिकली. दोघांनी लग्न करायचं ठरवलं आणि आईने साफ नकार दिला. पुढे काही वर्षं इडा येणारी स्थळं नाकारत राहिली. शेवटी १८२० मध्ये तिने लेम्बर्गचे वकील डॉ. फायफर यांच्याशी लग्न केलं. लेम्बर्ग म्हणजे आजच्या युक्रेनमधलं ल्विव्ह. नवरा विधुर, तिच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा. लेम्बर्ग दूर होतं म्हणूनच हे स्थळ तिला बरं वाटलं असावं.

डॉ. फायफर सरळमार्गी होते आणि त्याचीच किंमत कुटुंबाने मोजली. लेम्बर्ग ज्या गॅलिशिया प्रांतात होतं, तिथल्या अधिकाऱ्यांचा भ्रष्टाचार त्यांनी चव्हाट्यावर आणला. त्यात अधिकारी दुखावले, फायफरांचं पद गेलं आणि त्यांना काम देईना कुणी. आल्फ्रेड आणि ऑस्कर ही दोन मुलं लहान होती. इडा चित्रकलेच्या आणि संगीताच्या शिकवण्या करू लागली. ज्या पियानोपासून सुटण्यासाठी बोटं भाजली, त्याच पियानोने घर चालवायची वेळ आली. मुलांपुढे जेवणाला नुसता कोरडा पाव ठेवावा लागला असे दिवसही तिने काढले. माहेरच्या लोकांना मात्र तिने पत्ता लागू दिला नाही. पुढे आईच्या वारशाचा थोडा पैसा हाती आला, त्यातून मुलांची शिक्षणं झाली. १८३८ मध्ये नवरा वारला. मुलं कमावती झाली आणि चाळिशी ओलांडलेल्या इडाने लहानपणापासून मनात घोळणारा विचार उघडपणे करायला सुरुवात केली.

२२ मार्च १८४२ रोजी ती डॅन्यूब नदीवरच्या आगबोटीत चढली. तेव्हा ती चव्वेचाळीस वर्षांची होती. निघण्यापूर्वी तिने मृत्युपत्र करून ठेवलं. कॉन्स्टॅन्टिनोपलला मैत्रिणीकडे जाते, असं तिने घरच्यांना सांगितलं. खरा बेत जेरुसलेमचा होता, आणि तो आधी सांगितला असता तर कुणी जाऊ दिलं नसतं. कॉन्स्टॅन्टिनोपल, बैरूत, जेरुसलेम, दमास्कस, कैरो असं करत, सुएझपर्यंतचं वाळवंट उंटावरून ओलांडून आणि इटलीमार्गे ती डिसेंबरमध्ये परतली. प्रवासात रोज रात्री ती टिपणं लिहीत असे. ती छापायला ती नाखूष होती. व्हिएन्नाच्या एका प्रकाशकाने तिचं मन वळवलं आणि ७०० गुल्डेन देऊन हस्तलिखित घेतलं. पुस्तक प्रथम लेखिकेच्या नावाशिवाय निघालं आणि चांगलं खपलं.

त्या ७०० गुल्डेनमधून तिची पुढची सगळी कारकीर्द उभी राहिली. एका प्रवासाचं पुस्तक पुढच्या प्रवासाचं भाडं देईल, हा हिशेब तिला उमगला. आइसलँडला जायचं ठरवलं तेव्हा तिने त्यात आणखी एक भर घातली. ती इंग्रजी आणि डॅनिश शिकली, तेव्हा नव्यानेच आलेलं डागेरोटाइप पद्धतीचं छायाचित्रण शिकली आणि वनस्पती, कीटक, मासे टिकवून कसे आणायचे याची माहिती करून घेतली. मासे आणि सरडे स्पिरिटच्या बरण्यांत, फुलपाखरं टाचणीवर, झाडपाला कागदात दाबून. संग्रहालयं अशा नमुन्यांना पैसे मोजत. १८४५ च्या जूनमध्ये ती आइसलँडचा हेक्ला ज्वालामुखी चढली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, २ सप्टेंबरला, त्याच हेक्लाचा मोठा उद्रेक झाला. परत आल्यावर नमुने विकले गेले, पुस्तक निघालं, आणि १ मे १८४६ रोजी ती जगप्रदक्षिणेला निघाली.

रिओजवळ पेत्रोपोलिसच्या वाटेवर ती आणि एक ऑस्ट्रियन सहप्रवासी पायी चालले असताना एक माणूस सुरा घेऊन अंगावर आला. इडाजवळ छत्री आणि खिशातला चाकू होता. छत्री मोडली. तिच्या दंडावर दोन वार बसले, पण तीही चाकू उपसून भिडली. तेवढ्यात घोडेस्वार आले म्हणून दोघं वाचली. जखमा बांधून ती पुढे गेली आणि जंगलात पुरी जमातीच्या लोकांत राहून आली. मग केप हॉर्नला वळसा, चिली, ताहिती, मकाव, कॅन्टन, सिंगापूर आणि श्रीलंका. १८४७ च्या अखेरीस ती कलकत्त्यात होती.

भारतातला तिचा प्रवास आपल्या वाचकांनी जरा थांबून पाहावा असा आहे. त्या काळी हिंदुस्थानात फिरणाऱ्या साहेबाचा लवाजमा म्हणजे तंबू, खानसामे, घोडे, हमाल, नोकरांची रांग. इडाने दिल्लीपासून पुढचा रस्ता बैलगाडीने आणि कोट्यानंतर उंटांवरून कापला. तिच्याजवळ असे पाण्याची कातडी पिशवी, एक लहान भांडं, थोडं मीठ, तांदूळ आणि भाकरी. मुक्काम सराईत, नाहीतर गावातल्या एखाद्या ओसरीवर. गावकऱ्यांनी वाट दाखवली, पाणी दिलं, आणि त्या लोकांच्या चांगुलपणाविषयी तिने मोकळेपणाने लिहून ठेवलं. साहेबी थाटातल्या प्रवाशाला गाव दिसतं ते तंबूच्या दारातून. तिला ते चुलीपाशी बसून दिसलं. म्हणून तिच्या पुस्तकात विहिरी आहेत, अफूची शेतं आहेत, बाजारात विकायला आणलेली गुरं आहेत.

इंदूरला ब्रिटिश रेसिडेंट हॅमिल्टन यांनी तिचं स्वागत केलं आणि होळकरांच्या दरबारात तिची भेट घडवली. राज्य तेव्हा अल्पवयीन तुकोजीराव होळकरांचं होतं. तिथे बर्फ कसा तयार करतात हेही तिने बारकाईने पाहून लिहिलं. इंदूरहून ती अजिंठ्याला आली. कप्तान रॉबर्ट गिल १८४४ पासून कंपनी सरकारच्या हुकमावरून अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला करत होते, तोच हा काळ. पुढे वेरूळ. तिथली लेणी पाहत असतानाच युरोपीय अधिकाऱ्यांनी तिला वाघाच्या शिकारीला बोलावलं आणि ती हत्तीवर बसून गेली. मग दौलताबाद, औरंगाबाद, पुणे आणि मुंबई. पुण्यात तिने लग्नाची मिरवणूक पाहिली, मुंबईत पारशांच्या चालीरीती आणि हिंदूंचे अंत्यसंस्कार, घारापुरी आणि साष्टीतली लेणी. हे १८४८ साल. याच साली पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू केली. मुंबई-ठाणे रेल्वे यायला अजून पाच वर्षं होती. दख्खनच्या त्या वाटांवर एकटी परकी बाई चालली आहे, हे दृश्य लोकांना किती नवलाचं वाटलं असेल, याची कल्पना करता येते.

बगदादहून मोसुलला ती उंट-खेचरांच्या तांड्याबरोबर गेली. दिवसभर रणरणतं ऊन म्हणून तांडा रात्री चालायचा. अंगावर स्थानिक बायका घालतात तशी मोठी चादर, खाणं म्हणजे पाव आणि काकडी, झोप उघड्या जमिनीवर. मोसुलजवळ निनवेच्या उत्खननाचे अवशेष पाहून ती कुर्दी डोंगरांतून इराणमधल्या उर्मियाला पोचली. तिथल्या अमेरिकन मिशनऱ्यांचा आधी विश्वासच बसेना. भाषेचा गंध नसताना एकटी बाई त्या डोंगरांतून सुखरूप आली होती. त्यानंतर रशियाची हद्द लागली आणि तिथे रस्त्यात एका कॉसॅक शिपायाने तिला पकडून रात्रभर चौकीत डांबलं. अरबांत आणि कुर्दांत कुणी बोटही लावलं नाही आणि आपल्याच धर्माच्या देशात ही वागणूक मिळाली, याचा तिला अतोनात संताप आला. तो तिने पुस्तकात लपवला नाही. ४ नोव्हेंबर १८४८ रोजी ती व्हिएन्नाला पोचली तेव्हा शहरातला उठाव सैन्याने नुकताच चिरडला होता.

या प्रदक्षिणेवरचं तीन खंडी पुस्तक १८५० मध्ये निघालं आणि इडा युरोपभर माहीत झाली. तिची पुस्तकं इतर भाषांत गेली. अमेरिकेत हेन्री डेव्हिड थोरोने ‘वॉल्डन’मध्ये तिचा दाखला दिला. दुसऱ्या फेरीसाठी ऑस्ट्रियाच्या सरकारने १५०० गुल्डेन दिले. तिच्या वाट्याला आलेली सरकारी मदत ती एवढीच. पुढच्या चार वर्षांच्या मानाने रक्कम किरकोळ होती. उरलेलं तिने मागून, जोडून, वाचवून भागवलं. नावाचा उपयोग होतो हे आता तिला कळलं होतं. जहाज कंपन्या तिला फुकट किंवा सवलतीत नेत, डच अधिकारी आपल्या घरी उतरवून घेत. प्रसिद्धी तिने भाड्याऐवजी वापरली.

ही दुसरी फेरी १८५१ मध्ये सुरू झाली. आफ्रिकेच्या अंतर्भागात जायचा तिचा बेत होता, पण केप टाउनला पोचल्यावर तो खर्च झेपणार नाही असं दिसलं. ती पूर्वेकडे वळली. बोर्निओत सारावाकच्या गोऱ्या राजाच्या पुतण्याने तिची सोय केली आणि लुपार नदीने वर जाऊन ती डायाक लोकांच्या मुलखात शिरली. डायाक हे शत्रूची मुंडकी आणणारे म्हणून कुप्रसिद्ध. ज्या लांबलचक घरांत ती झोपली त्यांच्या आढ्याला नुकती आणलेली मुंडकी टांगलेली असत. शहारून उठली, असं ती लिहिते. आणि लगेच युरोपच्या इतिहासाकडे वळते. धर्मयुद्धं, कत्तली, जिंकलेल्या देशांतला रक्तपात, हे सगळं करणाऱ्या आपल्याला या लोकांना रानटी म्हणायचा काय अधिकार, असा तिचा प्रश्न आहे. डायाकांचा प्रामाणिकपणा आणि कुटुंबातला जिव्हाळा यांची तिने मनापासून तारीफ केली. डोंगर ओलांडून, नदीने खाली उतरून ती पाँटियानाकला पश्चिम किनाऱ्यावर बाहेर पडली.

त्यानंतर सुमात्रा. १८५२ च्या ऑगस्टमध्ये ती बटाक लोकांच्या स्वतंत्र मुलखात निघाली. हे लोक माणूस खातात अशी ख्याती होती. १८३४ मध्ये मन्सन आणि लायमन हे दोन अमेरिकन मिशनरी तिथे मारले गेले होते. डच अधिकाऱ्यांनी तिला परोपरीने थोपवून पाहिलं, ती ऐकेना. वाटेत ठिकठिकाणी भालेवाले बटाक आडवे आले. एकदा तर ऐंशीच्या वर माणसांनी तिला घेरलं. कुणी गळ्यावरून बोट फिरवून दाखवलं, कुणी स्वतःच्या दंडाला चावल्याची खूण केली. अशा प्रसंगासाठी तिने मलाय आणि बटाक यांची सरमिसळ करून एक वाक्य पाठ करून ठेवलं होतं. ते तिने पुढाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, हसऱ्या चेहऱ्याने म्हटलं. आशय असा की, बाईला काय मारून खाता, त्यातून माझ्यासारख्या म्हातारीला, हिचं मांस केव्हाच चिवट झालंय. उच्चार विचित्र होता, खुणा त्याहून विचित्र. पुढारी हसला, बाकीचेही हसले आणि वाट मोकळी झाली. सिलिंडुंगच्या खोऱ्यापर्यंत ती पोचली. तोबा सरोवर तिथून दहाएक मैलांवर होतं, पण पुढे जाऊ द्यायला बटाक काही केल्या राजी झाले नाहीत. तिला मागे फिरावं लागलं. दुसऱ्याच वर्षी व्हान डर टूक हा भाषापंडित त्या सरोवरापर्यंत पोचला. युरोपीयांत तो पहिला मानला जातो.

तिचं वय आणि रूप यांचा तिला जो उपयोग झाला, तो तिने स्वतःही ओळखला होता. तरुण बाई एकटी फिरली असती तर तिच्याविषयी शंका घेतल्या गेल्या असत्या. बंदूकवाला पुरुष दिसला असता तर लोक सावध झाले असते. ही पांढऱ्या केसांची, हातात फुलपाखरांचं जाळं घेतलेली बाई कुणाला शत्रू वाटली नाही. आडोल्फ डाउथागे या चित्रकाराने १८५५ मध्ये तिचं जे शिळाछाप चित्र केलं त्यात ती याच वेषात दिसते. आखूड झगा, टोपी, खांद्याला पिशवी आणि जाळं.

मोलुक्का बेटं, सेलेबिस, मग पॅसिफिक ओलांडून सॅन फ्रान्सिस्को आणि कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणी, पनामा, पेरू, एक्वादोर. ग्वायास नदीत ती होडीतून पडली. पोहता येत नव्हतं, होडीतल्या कुणी हात दिला नाही, कशीबशी ती काठाला लागली. न्यू ऑर्लिन्समध्ये तिने गुलामांचा बाजार आणि त्यांना लागू असलेले कायदे पाहिले, आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या देशात हे चालतं याबद्दल कडक शब्दांत लिहिलं. १८५५ मध्ये ती घरी परतली. पुढल्या वर्षी चार खंड छापून झाले.

शास्त्रज्ञांनी तिची दखल घेतली ती मुख्यतः बरण्या आणि पेट्यांमुळे. तिने आणलेले कीटक, मासे, कवचधारी प्राणी, गोगलगायी व्हिएन्नाच्या राजसंग्रहालयात आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेले. लंडनमध्ये तिचे नमुने विकणारा दलाल होता सॅम्युएल स्टीव्हन्स, म्हणजे निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेसचे नमुने विकणारा तोच. ती मलाय द्वीपसमूहातून गेली आणि वर्षाच्या आत वॉलेस तिथे उतरला. उत्क्रांतीच्या इतिहासात त्या बेटांचं नाव वॉलेसशी जोडलं गेलं, ते रास्तच आहे. पण त्या बेटांवरचे कीटक युरोपात पोचवणाऱ्यांत ही बाई त्याच्या आधी होती, हे फार थोड्या पुस्तकांत सापडतं. तिच्या नावावरून काही प्राण्यांची नावं पडली. मादागास्करचा ‘बूफिस इडे’ हा झाडावरचा बेडूक, ‘मायरोनिडेस फायफेरे’ हा काडीकिडा, आणि ‘मॅक्रोब्रॅकियम इडे’ ही गोड्या पाण्यातली कोळंबी, जी आपल्या देशातल्या नद्यांमध्येही मिळते. डार्विनने ‘डिसेंट ऑफ मॅन’मध्ये, कुठल्या समाजाला कोणता रंग सुंदर वाटतो याची चर्चा करताना, जावाबद्दल तिच्याच निरीक्षणाचा आधार घेतला आहे.

बर्लिनमध्ये आलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट आणि कार्ल रिटर यांनी तिचं स्वागत केलं. हे दोघे म्हणजे त्या काळच्या भूगोलशास्त्राचे आधारस्तंभ. बर्लिनच्या भूगोल मंडळाने तिला सन्माननीय सभासद करून घेतलं. हा मान मिळालेली ती पहिली स्त्री. प्रशियाच्या राजाने सुवर्णपदक दिलं. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने मात्र सभासदत्व दिलं नाही, कारण नियमात बायका बसत नव्हत्या.

तिचं सगळंच लिखाण डोक्यावर घ्यावं असं नाही. चिनी लोकांविषयी, ब्राझीलच्या काळ्या गुलामांच्या चेहऱ्यामोहऱ्याविषयी तिने जे लिहिलं ते आज वाचवत नाही. युरोपीय माणसाच्या नजरेचा उद्दामपणा त्यात जागोजाग आहे. पण तीच बाई पुढच्या परिच्छेदात लिहिते की हे लोक बुद्धीने कमी नाहीत, त्यांना शिक्षण मिळू दिलेलं नाही. परदेशात आरामात राहणाऱ्या मिशनऱ्यांनाही ती बोल लावते. जे पाहिलं त्याने मत बदललं तर बदललेलं मतही ती छापते, आणि आधीचं खोडत नाही. म्हणून तिची पुस्तकं आज एका प्रामाणिक साक्षीदाराची जबानी म्हणून वाचावीत, पूर्वग्रहांसकट.

शेवटचा प्रवास मादागास्करचा. १८५६ मध्ये ती निघाली आणि वाटेत लाम्बेर नावाच्या फ्रेंच व्यापाऱ्याची ओळख झाली. त्याला मादागास्करच्या दरबारात प्रवेश होता. त्याच्याबरोबर ती १८५७ मध्ये राजधानी आंतानानारिव्होला पोचली. तिथे १८२८ पासून राणी रानाव्हालोना पहिली हिचं राज्य होतं. युरोपीयांना बेटाबाहेर ठेवणारी, ख्रिस्ती झालेल्या प्रजेचा छळ करणारी, अत्यंत करारी बाई. तिने पाहुणीला पियानो वाजवायची आज्ञा केली. राणी वर सज्जात, वादक खाली अंगणात. पियानो भलता बेसूर होता, काही पट्ट्या दाबल्या तरी आवाज करत नव्हत्या, आणि इडाचा हातही कित्येक वर्षांत पियानोला लागला नव्हता. तरी तिने वाजवलं, आणि राणी खूश झाली.

लाम्बेर, तिथलाच जुना फ्रेंच कारागीर जाँ लाबोर्द आणि राजपुत्र राकोटो यांनी राणीला पदच्युत करण्याचा कट रचला होता. इडाला त्याची माहिती राजधानीत पोचल्यावर झाली. कट फुटला. राणीने युरोपीयांना जीवदान दिलं, पण बेटाबाहेर घालवलं. किनाऱ्यापर्यंतची वाट आठएक दिवसांची होती. पहाऱ्यातल्या शिपायांनी त्यांना ५३ दिवस रखडवलं. दलदलीच्या, हिवतापाच्या मुलखात आठवडे-आठवडे मुक्काम करायला लावले. मारायचं काम तापावर सोपवलं होतं, हे उघड आहे. इडा साठीला टेकली होती आणि वाटभर तापाने फणफणत होती. मॉरिशसला पोचल्यावर जरा बरं वाटलं तर तिने ऑस्ट्रेलियाला जायची तयारी चालवली, जहाजात सामानही चढलं, तोच ताप उलटला. लंडन, हॅम्बुर्ग, बर्लिन असं करत तिला व्हिएन्नाला भावाच्या घरी आणलं. २७ ऑक्टोबर १८५८ च्या रात्री ती गेली. मादागास्करची टिपणं मुलगा ऑस्कर याने तिच्या चरित्रासह १८६१ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच वर्षी राणी रानाव्हालोना वारली आणि राकोटो गादीवर आला.

व्हिएन्नात स्त्रीशिक्षणासाठी झटणाऱ्या एका संस्थेने खटपट करून १८९२ मध्ये इडाचे अवशेष शहराच्या मध्यवर्ती दफनभूमीत मानाच्या जागी हलवले. योगायोग असा की, त्याच वर्षी लंडनच्या सोसायटीने पहिल्यांदा स्त्रियांना सभासद करून घ्यायचं ठरवलं. प्रवासी लेखिका इझाबेला बर्डसह २२ जणी आत आल्या. लगेच पुढल्या वर्षी पुरुष सभासदांनी गदारोळ केला आणि दार पुन्हा बंद झालं. आलेल्या बावीस राहिल्या, नवीन कुणाला घेतलं नाही. ते दार १९१३ मध्ये उघडलं. तोवर इडा जाऊन पंचावन्न वर्षं झाली होती.